वजनकाट्यापलीकडे

डॉक्टरांनी आज लेकीचं नुसतं वजन केलं नाही. उंची घेतली, वय लिहिलं आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या तक्त्यावर ठिपका दिला. मोठ्यांचा बीएमआय अकरा वर्षांच्या पोरीला जसाच्या तसा लावत नाहीत. वयानुसार, मुलगा-मुलगीनुसार रेषा बदलते. ठिपका जरा वरच होता. पण डाएट नको, म्हणाले. उंची वाढतेय, वजनाला थोडं थांबू द्या.

सासूबाईंच्या मते ती खात्यापित्या घरची, तिला दृष्ट लावू नये. मामीचं प्रत्येक लग्नात ठरलेलं, "किती सुटलीय गं!" दोघींपैकी मामीचं बोलणं मला जास्त घातक वाटतं. मागच्या लग्नात ते ऐकून पोरीने जेवणावळीत जिलेबी बाजूला सारली आणि घरी येऊन बिस्किटांचा पुडा गपचूप संपवला.

खरी गोम संध्याकाळच्या भुकेत आहे. शाळेतून आल्या आल्या हाताला जे लागेल ते पोटात जातं. म्हणून आता ओट्यावर उकडलेल्या शेंगा, काकडी, ताक. कधी दह्याबरोबर थालीपीठ. बिस्किटांवर बंदी नाही, पण पुडा वरच्या फळीवर. बाबांचा फरसाणाचा डबाही तिथेच गेला, त्यावरून घरात बरीच कुरकुर झाली. नियम एकटीला लावला तर ती शिक्षाच होते.

जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. धावायचं नाव काढलं की हिचं पोट दुखतं, पार्किंगमध्ये लंगडी मात्र अंधार पडेपर्यंत चालते. सोसायटीचे सेक्रेटरी आवाजाची तक्रार घेऊन आले होते. त्यांना चहा पाजला, खेळ सुरूच आहे.