रात्रीची गोळी

शेतकऱ्याची झोप कुत्र्यासारखी असावी, असं माझा बाप म्हणायचा. पान पडलं तरी जाग आली पाहिजे. मी तसाच वाढलो. पहाटे चारला उठायचं, बैलांना वैरण टाकायची, शेण काढायचं आणि उजाडायच्या आत शेताची वाट धरायची. साठीपर्यंत मला कधी कुणाला उठवावं लागलं नाही.

त्यात आमचा भाग औसा तालुक्यातला, तेरणेच्या बाजूचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी इथं जमीन हलली. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतली हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्या गावात त्या मानानं कमी झालं, पण माझी चुलती भिंतीखाली गेली. तेव्हापासून गाढ झोपेचं मला भेवच बसलं. पुढं किती तरी वर्षं मी उन्हाळा-हिवाळा अंगणातच बाज टाकून झोपलो.

अशा माणसाला म्हातारपणी झोपेची गोळी लागली, हे मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. तशी ती झोपेची गोळी नाहीच, मनाच्या आजाराची आहे. पण गावाला तेवढा फरक कोण सांगणार?

झालं असं. २०२१ च्या सप्टेंबर अखेरीला मांजरा आणि तेरणा दोन्ही नद्या फुगल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पहिल्यांदाच नुकसान झालं असं काही नव्हतं, दुष्काळ तर पाचवीला पुजलेला. पण या वेळी माझं मन उभंच राहीना. रात्री दोनला जाग यायची ती परत डोळा लागायचा नाही. भाकरी मातीसारखी लागायची. नातू मांडीवर येऊन बसला तरी काही वाटायचं नाही. वर्षभर असंच ढकललं. शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर थोरल्यानं मला मोटरसायकलवर बसवलं आणि लातूरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर बाई होत्या. अर्धा तास ऐकून घेतलं. डिप्रेशन आहे म्हणाल्या. रात्री घ्यायच्या दोन गोळ्या दिल्या, एक मिर्टाझापिनची आणि एक लहान, पहिले काही दिवस झोप लागावी म्हणून. दारू घेता का, ते विचारलं. सुरुवातीला सुस्ती येईल, गाडी आणि यंत्रापासून जपा, असंही सांगितलं. मी मान हलवली आणि विसरलो.

पहिल्या रात्री मी असा झोपलो की बायकोनं दोनदा नाकापुढं हात धरून बघितला. सकाळी आठला उठलो. उठलो म्हणजे उभा राहिलो एवढंच. डोकं कापसाचं, पाय दुसऱ्याचे. तोंड कोरडं. दूध काढायला बसलो तर गाईच्या पोटाला डोकं टेकवून पेंगलो. सूनबाईनं बादली काढून घेतली. दुसरं म्हणजे भूक. वर्षभर जेवण नको होतं आणि आता अर्ध्या झोपेत उठून मी टोपल्यातली शिळी भाकर आणि गूळ शोधायला लागलो.

गावात बोलायला वेळ लागत नाही. पारावर एकानं विचारलं, “तात्या, दिवसा बी झोपायलाव म्हणं?” दुसऱ्यानं खालच्या आवाजात सांगितलं, “येडाच्या गोळ्या चालू हायत.” आयुष्यभर आळशी माणसाला नावं ठेवलेली. आता मीच त्यांच्या रांगेत बसलो. आजारापेक्षा हे जास्त लागलं.

त्यात हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस. लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला दहाला यायची. गोळी घेऊन झोपलो तर पाणी कोण देणार? म्हणून मी माझ्या मनानं वेळ बदलली. तुषारचे पाइप दोनदा हलवायचे, रात्री एक-दीडला घरी यायचं आणि मग गोळ्या घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

अशाच एका शनिवारी सकाळची शाळा होती. नातवाला सोडायला निघालो. तिसरीतलं पोर, टाकीवर पुढं बसलेलं. हवा गार, रस्ता सरळ. किती वेळ गेला कळलं नाही, एकदम आवाज आला, “आबा! तुमी झोपायलाव का?” डोळे उघडले तर गाडी रस्ता सोडून तुरीत शिरलेली. पुढं दहा पावलांवर बिनकठड्याची विहीर. पोराला खरचटलंसुद्धा नाही. ते हसत होतं. माझे हात मात्र तासभर थरथरत होते.

त्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. रोज रात्री पाकिटातून काढायच्या आणि चुलीत टाकायच्या. पहिले दोन-तीन दिवस उलट वाटलं, मी सुटलो. मग झोप गेली. अंगाला कापरं, छातीत धडधड, चिडचिड. आणि आठ-दहा दिवसांत ते जुनं काळं सगळं परत आलं, आधीपेक्षा जास्त.

एका रात्री मी शेतातल्या विहिरीवर उभा होतो. लाईट नव्हती, मोटर चालू करायची नव्हती. मी तिथं कशाला गेलो होतो, ते इथं लिहायची गरज नाही. मागून बायकोचा आवाज आला, “चला घरी.” ती घरापासून अनवाणी मागं आली होती. वाटेत एवढंच विचारलं, “गोळ्या घ्यायलाव का?” मी नाही म्हणालो. ती रडली नाही, भांडली नाही. सकाळी पहिल्या एसटीनं स्वतः लातूरला घेऊन गेली.

डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. तुरीत गेलेली गाडी, चुलीतल्या गोळ्या, विहीर, सगळं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, “काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? रात्री एकला गोळी घेतली तर तिचा अंमल दुपारपर्यंत राहणारच. आणि या गोळ्या एकदम सोडायच्या नसतात. सुस्ती पहिल्या दिवसापासून येते, मन सावरायला तीन-चार आठवडे लागतात. त्रास आधी दिसतो, गुण मागून येतो. तुम्ही मधेच सोडलं.”

लहान गोळी त्यांनी काढून टाकली. मोठी तीच ठेवली, पण रोज एकाच वेळी घ्यायची, रात्री आठला. सुस्ती हळूहळू कमी होईल, नाही झाली तर गोळी बदलता येते, पण मला विचारून, असं बजावलं. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा मनानं घ्यायचं नाही, त्यातल्या काही औषधांनी पेंग वाढते. पुढचा महिनाभर मला एकट्याला सोडू नका, असं बायकोला सांगितलं. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी थोरल्यानं कुलूप लावून ठेवली.

आता प्रश्न रात्रीच्या पाण्याचा. थोरला कारखान्यावर कामाला, त्याची पाळी रात्रीची. मग मी शेजारच्या शेतकऱ्याकडं गेलो. आमची जुनी सावड, पण आता कारण सांगावं लागणार होतं. बांधावर बसलो आणि सांगितलं, “मनाच्या आजाराची गोळी चालू हाय. रात्री मला जमणार न्हाई.” तो तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर म्हणाला, “मग रात्रीचं तुझं बी मी बघतो. दिवसाच्या पाळीला माझं तू बघ.” एवढंच. ज्या गोष्टीला मी तीन महिने भीत होतो, ती एक चिमूट तंबाखू मळेपर्यंत संपली.

मग घरातल्या कामाच्या वेळा बदलल्या. सकाळी जाग आली तरी मी लगेच उठत नाही. बाजेवर थोडा वेळ बसतो, मग उभा राहतो, नाही तर चक्कर येते. चहा, तोंडावर गार पाणी, मग शेतापर्यंत चालत. सकाळचं दूध सूनबाई काढते, संध्याकाळचं मी. कडबाकुट्टीला दहाच्या आत हात लावायचा नाही. फवारणी थोरल्याकडं. दुपारी लिंबाखाली पडतो, पण मोबाइलला वीस मिनिटांचा गजर लावून. तास-दीड तास झोपलो तर दिवसच जातो.

मला सगळ्यात जड हे गेलं की चारला उठणारा माणूस सहाला उठतो. पण शेतकऱ्याला हे नवं नाही. पाऊस झाला की लगेच कुळव घालत नाही आपण. वाफसा येईपर्यंत बांधावर बसतो. तेव्हा आपल्याला कुणी आळशी म्हणत नाही. डोक्यालाही सकाळी वाफसा यावा लागतो, एवढंच मी मनाला समजावलं.

दोन महिन्यांत गुंगी बरीच उतरली. थोडी अजून आहे. पण त्या वर्षी हरभरा काढताना एक ओला घाटा सोलून तोंडात टाकला आणि त्याची चव लागली. वर्षभरानं कशाची तरी चव लागली होती. मी बायकोला हाक मारून सांगितलं. तिला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय.

गाढ झोपेचं भेव मात्र एकदम गेलं नाही. एका रात्री गोळी हातात धरून मी तिला म्हणालो, “जमीन हलली आन मला जाग आली न्हाई तर?” ती म्हणाली, “मी हाय की उठवायला. घ्या.”

गोळी अजून चालू आहे. कधी बंद करायची ते डॉक्टर बाई ठरवतील. शनिवारची सकाळची शाळा असली तर सूनबाई पोराला सोडते. बाकीच्या दिवशी दहाला मीच नेतो. पण गाडीवर बसायच्या आधी नातू माझी परीक्षा घेतो. “आबा, सतराचा पाढा म्हणा.” मी म्हणतो. सतरा साती एकशे एकोणीसला अडखळलो तर तो दप्तर घेऊन सरळ चालायला लागतो. मग मीही गाडी लावतो आणि त्याच्याबरोबर चालत जातो.