गाळलेलं पाणी आणि भरलेली बादली



आमच्याकडे पाणी दुहेरी कापडाने गाळल्याशिवाय वापरत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आधी तेच शिकवलं. कापड कसं धरायचं, जिवाणी परत विहिरीत कशी सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी घेणारं आमचं घर!

त्याच घरात गेल्या चातुर्मासात माझा चौदा महिन्यांचा नातू न्हाणीघरातल्या बादलीत डोक्यावर पडला. मी पूजेची भांडी पुसत होते. ना रडणं ऐकू आलं, ना पाणी उडाल्याचा आवाज. घर फारच शांत वाटलं म्हणून उठले, तर बादलीतून दोन पाय वर. ओढून काढला. तो खोकला, रडला, तेव्हा मी तिथंच खाली बसले. लगेच दवाखान्यात दाखवून आणलं. पोर वाचलं.

महिन्याभराने सून आणि मी, अंगणवाडीच्या ताईंसाठी प्रशिक्षण होतं तिथं जाऊन बसलो. तिथं कळलं की रांगणाऱ्या पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकलं की तोल जातो आणि हातांत वर उठायची ताकद नसते. पाण्याच्या वजनाने बादली कलंडतही नाही. चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. आणि बुडणारं मूल हाक मारत नाही.

मला वाटायचं, पोराला उलटं धरून पोटातलं पाणी काढायचं. ते अजिबात करायचं नाही; त्यात वेळ जातो. मूल हाकेला ओ देत नसेल, श्वास घेत नसेल, तर दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगायचं आणि आपण आधी तोंडाने श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबायचं, २ श्वास द्यायचे, पुन्हा दाबायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. बाहुलीवर करताना माझे हात कापत होते, पण ताईंनी तीनदा करून घेतलं. वाचून हे हाताला येत नाही, म्हणून जवळपास असं प्रशिक्षण असेल तर नक्की जा.

आता आमच्याकडे वापर झाला की बादली पालथी. न्हाणीघराला वरची कडी. पिंपाला घट्ट झाकण. पाहुणे आले, विधान असलं की घर माणसांनी भरतं आणि प्रत्येकीला वाटतं, दुसरी बघतेय. म्हणून मी मोठ्याने विचारते, "बाळाकडे आत्ता कोण?" जी "मी" म्हणेल तिने हातात मोबाईल घ्यायचा नाही.

सासूबाई हे बघून म्हणाल्या, "अगं, हाही यत्नाचारच की." मला पटलं. पाणी गाळताना जेवढं लक्ष असतं, तेवढंच बादली ठेवतानाही हवं.

आज झोपायच्या आधी एकदा न्हाणीघरात डोकावून या. लहान मूल असलेल्या शेजारणीलाही सांगा.

जय जिनेंद्र.