महिन्याचा हिशेब

मुलीकडे अमेरिकेंत चार महिने राहून परत आलों, तेव्हां स्नेह्यांनीं विचारलें, "काय पाहिलेंत?" नायगारा पाहिला, हें सांगणें सोपें होतें. जें मनांत घर करून राहिलें होतें, तें मात्र चारचौघांत सांगवेना.

मुलीच्या शेजारीं एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या स्वमग्न मुलासह राहत. त्याला क्षणभरहि एकटें ठेवतां येत नसे, म्हणून त्यांनीं नोकरी सोडलेली. अशा गरीब घरांतील अपंग मुलासाठीं तेथील केंद्र सरकार 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' नांवाचें मासिक साह्य देतें. ही योजना 1974 पासून चालू आहे; 2025 सालीं तिची कमाल रक्कम 967 डॉलर होती. बाईंचें घरभाडें त्यांतूनच निघे.

सप्टेंबरच्या अखेरीस मुलानें शाळेंत एका शिक्षकाला ढकललें. पोलिस आले, आणि बालन्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वींच, 29 तारखेस, मुलाची रवानगी किशोरांच्या बंदिगृहांत झाली. तो 2 नोव्हेंबरला घरीं आला. ऑक्टोबरचे पैसे नेहमींप्रमाणें 1 तारखेस खात्यांत जमा झाले होते आणि भाड्यांत गेलेहि होते. डिसेंबरांत पत्र आलें : ते परत करा.

मुलीनें नियम वाचून दाखविला. सरकारी संस्थेंत कॅलेंडरचा सबंध महिना गेला, कीं त्या महिन्याचें साह्य मिळत नाहीं. अपराध शाबीत झाला कीं नाहीं, हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. मीं कागदावर गणित मांडलें. हाच मुलगा तीन दिवस उशिरा, 2 ऑक्टोबरला, आंत जाऊन 29 नोव्हेंबरला सुटला असता, तर 59 दिवस भरूनहि एक डॉलर कापला गेला नसता. तो 35 दिवसच राहिला. पण त्यांत ऑक्टोबर अख्खा सांपडला! आणि साह्य सलग बारा महिने थांबलें, तर हक्कच संपतो. मग नवा अर्ज करून अपंगत्व पुन्हां सिद्ध करावें लागतें.

नियमाला तर्क नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. मुलाच्या अन्नवस्त्राचा भार सरकारनें उचलला असतां तोच खर्च आईलाहि कां द्यावा? परंतु मुलगा आंत गेला म्हणून घरभाडें कमी होत नाहीं. आणि सुटलेल्या मुलाला परतावयास घर तर हवेंच ना?

बाई कोणालाहि बोल लावीत नव्हत्या. "त्यांनीं नियमच पाळला," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या शब्दांनीं मी चपापलों. पंचवीस वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी माझ्या टेबलापाशीं उभा होता. 75 टक्के हजेरीला दोन तास कमी पडले होते. वडील अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचें सारें करणारा तोच. मीं हजेरीपट उघडून त्याच्यापुढें धरला. त्याची टर्म गेली, आणि टर्मबरोबर फीमाफीहि गेली. "मीं नियमच पाळला," असें त्या रात्रीं मीं घरीं सांगितलें होतें.

परत आल्यावर तो हजेरीपट कपाटांत शोधला, सांपडला नाहीं. त्या मुलाचें नांव आतां आठवत नाहीं. क्रमांक मात्र आठवतो.