चोवीस मेंढ्यांचा जामीनदार

जामीन कुणाला राहावे, याचेही एक शास्त्र आहे. सहकाऱ्याच्या स्कूटरला राहावे, शेजाऱ्याच्या फ्रिजला राहावे. अगदीच गळ पडली तर मेहुणीच्या शिवणयंत्राला राहावे. ज्याला पाय आहेत अशा मालमत्तेला राहू नये. मी एकशेछत्तीस पायांना जामीन राहिलो आहे. चोवीस मेंढ्या, सहा शेळ्या आणि चार ससे. हिशेब पडताळून पाहावा.

त्याचं असं झालं. आमचे साडू वाळूजच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि दौलताबादच्या पलीकडे त्यांची वडिलोपार्जित माळजमीन आहे, तिथे जाऊन बसले. माणूस माळावर नुसता बसला की त्याला काहीतरी सुचते. साडूंना मेंढ्या सुचल्या. पडेगावला महामंडळाचे शेळ्या-मेंढ्यांचे प्रक्षेत्र आहे, तिथे दोन चकरा मारून ते तडक माझ्याकडे आले. म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही बँकेतले. प्रकल्प अहवाल तेवढा लिहून द्या."

दौलताबाद ही जागा प्रकल्पांना लाभत नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते. १३२७ साली तुघलकाने दिल्लीहून राजधानी तिथे आणली आणि काही वर्षांत परत नेली. त्याचा अहवालही कुणा वाणिज्य शाखेच्या पदवीधरानेच लिहिला असणार.

मी रात्र जागून अहवाल लिहिला. बोकडविक्री आली, लेंडीखत आले. पण माझा जीव गुंतला तो लोकरीत. ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी वर्षाला चार किलो लोकर सहज देते, हे मी कुठेतरी वाचले होते. आमच्या हिच्या स्वेटरच्या लोकरीचा भाव, किलोला ८०० रुपये, मला तोंडपाठ होता, कारण दर दिवाळीनंतर घरात त्यावर चर्चा होते. चोवीस गुणिले चार गुणिले आठशे. ७६,८०० रुपये! आकडा इतका देखणा दिसत होता की एका पतसंस्थेने कर्ज मंजूर केले. जामीनदार म्हणून खाली सही करताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही.

कातरणीचा मुहूर्त पाडव्याचा निघाला. वसंत म्हटला की कवींना कोकीळ ऐकू येते. आमच्याकडे पारा अडतिसाला टेकला आणि विहिरीने तळ दाखवला, की वसंत आला असे धरून चालतात. मी नि ही सकाळीच पोचलो. साडूंनी गोठ्यापुढे गुढी उभारली होती. नमस्कार करून मागे वळतो न वळतो तोच एका काळ्याभोर बोकडाने मागच्या पायांवर उभे राहून कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पाने आणि साखरेची गाठी या क्रमाने सगळे फस्त केले. कडू-गोड दोन्ही सारख्याच निर्विकार चेहऱ्याने! (जात उस्मानाबादी. जिल्हा २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाला, बोकड मात्र अजून उस्मानाबादीच आहे.)

"खाऊ द्या," साडू म्हणाले, "ईदेपर्यंतचा पाहुणा आहे."

हे वाक्य मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाही.

ससे साडूंच्या कन्येकडे होते. तिला अंगोरा लोकरीचे वेड. पण अंगोरा ससा थंड हवेतला, तो हिमाचलात रमतो. इथे साधे पांढरे ससे आडव्या माठांत, ओल्या पोत्यांच्या आडोशाला धापा टाकत पडले होते. लोकर नाही; पण एकतीस दिवसांचा हप्ता त्यांनी एकदाही चुकवलेला नव्हता. चाराचे एकोणीस झाले होते. चक्रवाढ व्याज मी वीस वर्षे गिऱ्हाइकांना समजावतो आहे, डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कातरायला एक म्हातारे धनगरमामा आले होते. आधी मेंढ्या धुवायच्या. एक मी धुतली. भिजलेली मेंढी उचलल्यावर 'भिजत घोंगडे' या शब्दप्रयोगाचे खरे वजन कळते. आमच्या शाखेत तो फक्त फायलींना लावतात. मग मामांनी एकेकीचे पाय बांधून भलीमोठी कातर चालवायला सुरुवात केली. कोकरांची मऊ लोकर ते वेगळी ठेवत होते. तिला जावळ म्हणतात म्हणे, आपल्या पोराबाळांसारखेच. कातरलेली मेंढी उठून उभी राही, तेव्हा एखाद्या भारदस्त साहेबाने कोट काढावा आणि आत कुणीच नसावे, तसे वाटे.

संध्याकाळी तराजू आला. चोवीस मेंढ्यांची लोकर भरली साडेसात किलो.

"उरलेली कधी कातरणार?" मी विचारले.

मामा हसले. व्यापारी किलोला दहा रुपये देतो, म्हणजे ७५ रुपये. मामांची मजुरी मेंढीमागे वीस, म्हणजे ४८०. मी वही मिटली. आपली दख्खनी मेंढी वर्षभरात जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, तीही राठ. तिचा स्वेटर घालायचा म्हणजे अंगाला काथ्या गुंडाळायचा.

"मग कातरता कशाला?"

"इकायला न्हाई कातरत, साहेब," मामा कातर पुसत म्हणाले. "मेंढराला उन्हाळा सोसावा म्हून कातरायची."

साडू काहीच बोलले नाहीत. त्यांनी ७६,८०० हा शब्दही उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरे झाले असते. हिची थोरली बहीण, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, पुरणपोळीवर तुपाची धार धरताना ही तिच्या हातांकडे बघत होती. पाटल्या नव्हत्या. परतताना दौलताबादच्या घाटात ही मला एवढंच म्हणाली, "तुम्ही अहवाल पेन्सिलीने लिहायला हवा होता."

रात्री मी खतावणी नव्याने मांडली. लोकरीपुढे शून्य. जमेला एकच भरवशाची नोंद निघाली: शेजारचे बागायतदार मेंढ्या शेतात बसवायला रात्रीचे पैसे देतात. खतावणीत खतच उरले. त्यावर चारापाणी निघत होते, जूनचा हप्ता निघत नव्हता.

हप्ता बोकडाने फेडला. ईदेच्या आधी तो आणि त्याचा जोडीदार चांगल्या भावाने गेले. साडूंनी पैसे मोजून पतसंस्थेत भरले, पावती माझ्या हातावर ठेवली आणि "चहा घ्या," म्हणाले. चहा दोघांनीही अर्धाच घेतला.

लोकर मात्र अक्कांनी टाकू दिली नाही. मामांच्या घरी ती पिंजून कातली गेली, विणकराने सुताला चिंचोक्याची खळ लावून मागावर विणली. हिमरू आणि पैठणीच्या मुलखात घोंगडी कोण विचारतो? दोन निघाल्या. एक अक्कांनी ठेवली, एक मला पाठवली. हिने ती बोचते म्हणून गॅलरीत टाकली, रात्री पाऊस आला, आणि चार दिवस आमच्या दोन खोल्यांत एक आख्खी मेंढी मुक्कामाला होती.

या पाडव्याला आम्ही परत गेलो. गुढी उतरेपर्यंत गाठी जागच्या जागी होती. साडूंनी ती काढून मला दिली. अर्धी मोडून मी एका नव्या करडापुढे धरली. त्याने ती नुसती हुंगली, आणि माझ्या खिशातून डोकावणारी हप्त्याची पावती ओढून घेतली.