एका ट्रकनं एवढं?

"एका ट्रकनं एवढं? छे, पटत नाही." ओक्लाहोमा सिटीच्या संग्रहालयात, अर्ध्या कोसळलेल्या इमारतीच्या फोटोसमोर उभे राहून अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे. सार्वजनिक बांधकाम खात्यात पूल आणि कचेऱ्या बांधण्यात हयात गेली. डॅलसला आमच्याकडे आले होते, आणि मीही इमारतींची आरसीसी डिझाइनं करून पोट भरते, म्हणून त्यांना मुद्दाम इथं आणलं होतं. सासरा-सुनेची सहल असली, की विषय सिमेंटवर येतोच.

१९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी या नऊ मजली मुर्रा फेडरल बिल्डिंगसमोर टिमोथी मॅक्वेनं उभा केलेला भाड्याचा ट्रक फुटला. आत अमोनियम नायट्रेट खताची सुमारे २,२०० किलो स्फोटकं होती. १६८ माणसं गेली. त्यांत १९ मुलं होती. उत्तरेची बाजू आठ-नऊ मजले उभी कापल्यासारखी खाली आली.

परतताना गाडीत मी त्यांना बेंटन पार्टिन यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकी हवाई दलाचे हे निवृत्त ब्रिगेडियर जनरल शस्त्रास्त्रनिर्मितीतले जाणकार. त्याच वर्षी त्यांनी लेखी मांडलं, की अंतराबरोबर स्फोटाचा दाब झपाट्यानं पडतो. ट्रकपासून दूरच्या खांबांपाशी तो काँक्रीट चिरडण्याइतका उरलाच नसणार. तेव्हा खांबांनाच आतून स्फोटकं लावलेली असली पाहिजेत. अण्णा खूश. "बघ, जनरलसाहेबही तेच म्हणतात!"

"पण अण्णा, खांब चिरडूनच पडतो असं कुठंय? तुम्ही किती खांब चिरडलेले बघितलेत?"

ते गप्प झाले. बाजूनं दणका बसला, की खांब चिरडण्याच्या कितीतरी आधी आडवा तुटतो, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. पार्टिन यांचं दाबाचं गणित चुकीचं नाही. त्यांनी ते भलत्या प्रश्नाला लावलं, असं माझं मत आहे.

पेट्रोल भरायला थांबलो तिथं कॉफीच्या पावतीमागं मी आकृती काढली. वरच्या मजल्यांवर दर्शनी खांब २० फुटांवर होते. खाली मोकळी जागा हवी म्हणून तिसऱ्या मजल्याच्या पातळीला एक भलीमोठी तुळई टाकली आणि तिच्याखाली खांब ठेवले ४० फुटांवर. म्हणजे वरचा एकाआड एक खांब नुसता तुळईवर उभा. ट्रक अशा एका खालच्या खांबापासून जेमतेम १५-१६ फुटांवर होता. सरकारी अभियंत्यांच्या १९९६ च्या अहवालानुसार तो खांब स्फोटानं फुटला आणि शेजारचे दोन आडवे तुटले. ओळीनं तीन आधार गेले. चाळीस फुटांची तुळई एकशे साठ फुटांवर लोंबकळली.

"फ्लोटिंग कॉलम!" अण्णांनी पावती हातात घेतली. "मग वरचं सगळं येणारच की खाली."

स्लॅबचंही तसंच. भार वरून खाली येणार म्हणून सळई त्या हिशेबानं टाकतात. इथं हवेचा दाब खालून वर आला.

शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढणं मात्र मला पटत नाही. इमारतीचा उरलेला भाग २३ मे रोजी, म्हणजे पाच आठवड्यांतच, सुरुंग लावून पाडला. मग लोक 'पुरावा गाडला' म्हणणारच. दुसऱ्या रांगेतला एक खांब गेला आणि ट्रकला त्याच्यापेक्षा जवळचा राहिला, हा पार्टिन यांचा मुद्दाही नेटका आहे. माझी अटकळ अशी, की आजूबाजूचे स्लॅब निघाल्यावर तो खांब मधल्या आधाराविना उंचच उंच उरला आणि वाकला. खांबाची बिनआधाराची उंची दुप्पट झाली, की वाकण्याविरुद्धची ताकद चौथाईवर येते. पण ही अटकळच.

भूकंपमापकावर दोन हादरे उमटले म्हणून दोन बॉम्ब, हा तर्क मात्र टिकला नाही. उरलेली इमारत पाडतानाच्या नोंदींतही तशाच दोन लहरी दिसल्या.

अण्णांना यातलं शेवटचं फारसं ऐकू गेलं नसावं. ते पावतीवर पेन्सिलनं काहीतरी मोजत होते. "दुसरा बॉम्ब शोधत बसलेत," एवढंच पुटपुटले, "आणि ती तुळई नकाशात पहिल्या दिवसापासून होती."

पुण्याला परतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर धाकट्या दिरांच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे मागवले. तळमजल्यावर गाड्या वळवायला जागा हवी म्हणून दोन खांब खाली उतरवलेच नव्हते. तुळईवर उभे केले होते. सोसायटीच्या सभेत अण्णांनी विषय काढला, तेव्हा बिल्डरचा माणूस हसत म्हणाला, "काका, इथं कोण बॉम्ब लावणारेय?"

"भूकंपाला बॉम्ब लागत नाही," अण्णा म्हणाले, "आणि गाड्या तुमच्या तिरक्या लावा." पुढची सभा पंधरा दिवसांनी ठरली. आरसीसी कन्सल्टंटला हिशेबाच्या कागदांसकट बोलावायचं, हे त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं आणि त्याचा फोटो मला पाठवला.