शिट्टी आधी की पाय आधी

कबड्डीच्या चढाईला घड्याळ लागलं ते बरंच उशिरा. त्याआधी चढाई किती वेळ चालणार हे ज्याच्या त्याच्या दमावर असायचं. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत जायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. दम खरंच तुटला की नाही हे पंचाच्या कानावर. म्हणजे वेळेवरून भांडणं तेव्हाही होतीच. चोरून श्वास घेण्यात पटाईत असे एक-दोन खेळाडू आमच्याकडच्या प्रत्येक गावात होऊन गेले आणि म्हातारी माणसं अजून त्यांची नावं अभिमानानं घेतात.

आता तीस सेकंद. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागले आणि गावोगावची पोरं पंचांपेक्षा मोठ्यानं सेकंद मोजायला लागली. खेळ बदलला तो इथे. आघाडीवरच्या संघाला वेळ हे हत्यार मिळालं. एका गुणानं पुढे आहात, मिनिट उरलंय, मग काय करायचं? चढाईला जायचं, मध्यरेषेपासून फार लांब जायचं नाही, डावीकडून उजवीकडे डुलत राहायचं, कुणाला हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही, आणि एकोणतिसाव्या सेकंदाला परत. रिकामी चढाई. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. हा नियम याच वेळकाढूपणाला आळा म्हणून आहे. पण दोन तर मिळतातच.

प्रेक्षकांना हे आवडत नाही. 'घाबरला रे' अशी आरोळी येते. मला विचाराल तर सहा-सात जण अंगावर यायला टपलेले असताना तीस सेकंद उभं राहणं आणि डोक्यात आकडा चालू ठेवणं हे एखाद्या पकडीइतकंच अवघड आहे. पण ते टीव्हीवर चांगलं दिसत नाही, हे खरं.

आणखी एक नियम सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सामन्याची वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पूर्ण करू देतात. त्यामुळे शेवटी प्रश्न एकच उरतो: चढाई सुरू झाली होती का? वेळ संपायच्या आत पाय मध्यरेषेपलीकडे पडला होता का?

आमचं घर द्रोणागिरीत. नकाशावर सेक्टर आणि प्लॉट, प्रत्यक्षात रस्त्याकडेला रांगेत उभे ट्रेलर, भराव घातलेली खाजणं, मागे द्रोणागिरीचा डोंगर आणि मध्ये मध्ये जुनी गावं. गावं आगरी-कोळ्यांची, आणि गाव तिथे कबड्डीचा संघ. हिवाळा सुरू झाला की रात्रीच्या स्पर्धा. माती भिजवून, दाबून मैदान, चुन्याच्या रेषा, हॅलोजन, आणि समालोचकाच्या हातातून कधीही न सुटणारा माइक. २०२३ च्या फेब्रुवारीत अशाच एका स्पर्धेची फायनल होती. लोकल अजून इकडे आली नव्हती, ती जानेवारी २०२४ ला आली, त्यामुळे बाहेरचे पंच टेम्पोनं आणलेले. टेबलावरची माणसं मात्र गावातली. वेळाधिकारी माझा धाकटा काका. तो दिवसा एका यार्डाच्या गेटवर बसतो आणि ट्रेलरच्या आत-बाहेरच्या वेळा लिहितो, त्यामुळे घड्याळ त्याच्याकडे देणं सगळ्यांनाच रास्त वाटायचं. मी शेजारी गुणलेखकाच्या मदतीला.

एक संघ आमच्या गावचा. दुसरा शेजारच्या गावचा, जिथे माझी आत्या दिलेली आहे. त्या संघाचा मुख्य चढाईपटू आत्याचा मुलगा. म्हणजे काकाचा सख्खा भाचा. आमच्याकडे चार गावांत सोयरीक असते, त्यामुळे नात्याबाहेरचा वेळाधिकारी शोधायचा तर खाडीपलीकडून आणावा लागेल.

२४-२३, आमचा गाव पुढे. शेवटची एकतीस सेकंदं असताना आमचा पोरगा चढाईला गेला. त्यांची दुसरी रिकामी चढाई, म्हणजे गुण आणायची सक्ती नाही. तो डुलत राहिला. समोरचे ओरडत होते, पुढे येत होते, मागे जात होते. तो परत आला तेव्हा दोन सेकंद उरली होती. येताना तो मध्यरेषेवरच आडवा पडला. पाय घसरला, असं तो आजही म्हणतो. आत्याचा मुलगा तीन पावलांवर तयार उभा होता. तो त्याच्यावरून उडी मारून गेला. काकानं शिट्टी मारली. आत्याच्या मुलानं बोनस रेषा ओलांडली, परतताना कोपऱ्याला हात लावला आणि परत आला. दोन गुण. धरले तर २४-२५.

धरले नाहीत. काकानं सांगितलं, शिट्टी आधी. दोन्ही पंच म्हणाले, पाय पडताना पाहिला, शिट्टी गोंगाटात ऐकू आली नाही. शेवटी सरपंचांनी (खेळातले सरपंच, ग्रामपंचायतीतले पहिल्या रांगेत खुर्चीवर होते) वेळाधिकाऱ्याचं घड्याळ मान्य केलं. "जल्ला तुजा टायम!" असं कुणीतरी मागून ओरडलं आणि मग मैदानात किती माणसं आली ते सांगता येणार नाही.

मी काय पाहिलं? मी कागद पाहत होते, आकडे लिहीत. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी पाहत असते तरी काही फरक पडला नसता. वेळाधिकाऱ्याची नजर घड्याळावर असते. पंचाची पायावर. घड्याळ आणि पाय एकाच नजरेत घेणारा माणूस मैदानावर नसतोच. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहायच्या आणि त्यांना जोडणारी दोरी म्हणजे शिट्टीचा आवाज.

त्या रात्री दहा-बारा मोबाइलमध्ये ती चढाई होती. एका व्हिडिओत पाय आधी पडतो, मग शिट्टी. दुसऱ्यात शिट्टी आधी. दोन्ही गावांच्या ग्रुपवर आपापले व्हिडिओ फिरले आणि दोन्ही खरे होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. टेबलापासून वीस मीटरवर बसलेल्या माणसाच्या फोनला शिट्टी सहा शतांश सेकंद उशिरा पोचते. एवढ्यात काय होतं? सेकंदाला पाच मीटर पळणारा पोरगा तेवढ्यात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे एक पाऊल. त्यात घड्याळावर शून्य दिसल्यापासून शिट्टीत फुंक जाईपर्यंतचा वेळ धरा. माणसाला त्याला साधारण दोन दशांश सेकंद लागतात, म्हणजे आणखी एक मीटर. आणि मध्यरेषेचा चुना तोवर चाळीसेक मिनिटांच्या पायांनी पुसून पांढरट पट्टा झालेला. यातून 'खरं काय' ते काढायचं.

पोरं म्हणत होती, रिव्ह्यू घ्या, प्रो कबड्डीत घेतात. पण तिथे कॅमेरे पंचांचे असतात. इथे कॅमेरे प्रेक्षकांचे, आणि प्रत्येक प्रेक्षकाला गाव आहे.

कॅमेरा असला की सगळं मिटतं, या समजुतीलाही त्याच वर्षी तडा गेला. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांची पुरुषांची फायनल, भारत विरुद्ध इराण. २८-२८ बरोबरी, शेवटचा मिनिट-दीड मिनिट. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही. तिथे काय घडलं हे जगानं पाहिलं होतं, पुन्हा पुन्हा. त्यावर वाद नव्हता. वाद होता पुस्तक कुठलं लावायचं यावर. आंतरराष्ट्रीय जुन्या नियमानं मागे आलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीच्या नव्या नियमानं फक्त चढाई करणारा बाद. निर्णय एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवर बसून राहिले. तासाभरानं सामना पुढे सरकला आणि भारत ३३-२९ नं जिंकला. आमच्या घरी सगळे ओरडले. काका ओरडला नाही. तो म्हणाला, "त्यांच्याकडं तरी दोन पुस्तकं व्हती."

त्यानंतर मी हा प्रकार इतर खेळांत शोधत बसले. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये तर खजिनाच सापडला. ५ डिसेंबर २००९ ला टेक्सास आणि नेब्रास्का यांच्या सामन्यात घड्याळ शून्यावर गेलं, नेब्रास्काची माणसं जल्लोष करत मैदानात आली, आणि पंचांनी चित्रीकरण पाहून घड्याळात एक सेकंद परत टाकला. त्या एका सेकंदात टेक्सासनं गोल साधला आणि १३-१२ जिंकले. नेब्रास्कावाले अजून ते विसरलेले नाहीत.

पण मला रात्रभर जागवलं ते १९४० च्या सामन्यानं. त्या खेळात ठरावीक अंतर कापायला चार प्रयत्न मिळतात. कॉर्नेलला शेवटच्या क्षणांत पंचांच्या मोजणीतल्या चुकीमुळे पाच मिळाले, आणि पाचव्यावर ते डार्टमथविरुद्ध ७-३ जिंकले. नंतर फिल्म पाहिल्यावर पंचानं चूक कबूल केली. नियमाप्रमाणे निकाल बदलायचा अधिकार कुणालाच नव्हता. कॉर्नेलनं स्वतःच विजय सोडून दिला. नोंदीत आज डार्टमथ ३-० आहे. आणि १९९० ला कोलोराडोला मिसूरीविरुद्ध तसाच पाचवा प्रयत्न मिळाला. ते ३३-३१ जिंकले, विजय ठेवला आणि त्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपदही वाटून घेतलं.

हे मी काकाला सांगितलं. त्यानं विचारलं, "कॉर्नेलच्या पोरांना गावात कोणी काय बोललं नाय?" मला माहीत नव्हतं. त्याला मात्र लोक दोन्हीकडून बोलले होते. शेजारचं गाव म्हणालं, आपल्या गावाला कप दिला. उलट निर्णय दिला असता तर आपलं गाव म्हणालं असतं, भाच्याला दिला. रिक्षा स्टँडवर कुणीतरी रोज विचारायचं, टाइम काय झाला. त्या वर्षी गौरीला आत्या माहेरी आली नाही. आजीनं ताट वाढून ठेवलं आणि संध्याकाळी झाकून उचललं. कपाची रक्कम किती होती हे आता कुणाला धड आठवतही नाही.

पुढच्या वर्षी मंडळानं आकड्यांचा बोर्ड आणि आपोआप वाजणारा भोंगा भाड्यानं आणला. काकाला टेबलावर बोलावलं नाही, त्यानंही विचारलं नाही. भोंग्याला अंगठा नसतो, घराणं नसतं, ही त्याची मोठीच सोय. तरी उपांत्य सामन्यात पायावरून वाद झालाच. पण एक गोष्ट नवीन होती. फायनलच्या आधी सरपंचांनी दोन्ही कप्तानांना बोलावून माइकवर सांगितलं: नियम असोसिएशनचे, मोबाइलचं चित्रीकरण धरणार नाही, भोंगा वाजायला लागला की नवी चढाई नाही. लोक कंटाळले, कुणीतरी 'खेळ चालू करा' ओरडलं. काका मागे, वडापावच्या गाडीपाशी उभा राहून ऐकत होता.

२०२४ च्या गौरीला आत्या आली, मुलाला घेऊन. जेवणं झाल्यावर तो काकाजवळ जाऊन बसला. दोघंही मोबाइलमध्ये. मग त्यानं विचारलं, "मामा, तू माझा पाय बघितलेला का?"

"नाय. मी घड्याल बघत व्हतो."

"मी पण नाय बघितला. मी त्याच्यावरून उडी मारत व्हतो."

दोघं हसले की नाही ते मला स्वयंपाकघरातून दिसलं नाही. त्या पोरानं आता पंच परीक्षेचा फॉर्म भरलाय. आत्या चिडली आहे. एका घरात एक पुरे नाही का, म्हणते.