हरणांसाठी पेरणी

विस्कॉन्सिनमधले आमचे शेजारी आजोबा शिकारी आहेत. त्यांच्या रानात अर्ध्या एकराचा एक तुकडा आहे. माती आम्ल निघाली म्हणून त्यांनी वसंतातच चुना टाकला होता. ऑगस्टमध्ये क्लोव्हर, ओट आणि सलगम पेरायला आम्हीही सहकुटुंब गेलो.

"हे कोण खाणार?" आमच्या मुलीने विचारले.

"हरणं!"

आम्हांला हसू आले. आमच्या गावी हरणांपासून ज्वारी राखायला मचाणावर रात्र जागवतात. इथे मुद्दाम आमंत्रण!

दहिवर पडले की सलगमाचा पाला गोड होतो, हरणे येऊ लागतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो. हे कळल्यावर मुलगी रडवेली झाली. "जेवायला बोलावून मारायचं?"

आजोबा शांतपणे म्हणाले, "हरणं फार वाढली तर जंगलातली कोवळी रोपं उरत नाहीत. आणि मी मारलेलं वाया घालवत नाही."

तिला ते पटले नाही. त्या रात्री आमच्याकडे चिकन होते. ताटाकडे बघत ती म्हणाली, "हिलाही कुणीतरी दाणे घातलेच असतील ना?"

आम्ही दोघेही गप्प बसलो. मुलांनो, तुम्ही काय उत्तर दिले असते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.